काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?

आमच्यासारख्या छोट्या शाळेत उर्दू आणि मराठीच्या शिक्षकाकडे इतिहासाचे तासही येतात. आठवीला १८५७चा धडा चालू होता. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिलं : ‘तात्कालिक कारण – काडतुसांना गाय व डुकराची चरबी लावल्याची बातमी.’ मुलं वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा दुपारनंतर त्याच्या चाचांच्या गॅरेजमध्ये हाताखाली काम करतो. म्हणाला, “सर, वो चरबी लगातेच कायकू थे?”

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं मी हेच वाक्य फळ्यावर लिहीत आलो. परीक्षेत त्यावर गुण दिले, कापलेही. पण कागद, दारू आणि शिसं या तीन वस्तूंच्या पुडीला चरबी कशासाठी लागते, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला ते सुचलं, कारण ग्रीस कुठे लावतात आणि कशासाठी लावतात हे त्याला रोज दिसतं. मी त्याला म्हटलं, “बेटा, दोन दिवस दे. शोधून सांगतो.”

दोन दिवसांचे दोन महिने झाले. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचं उत्तर आहे. ते एका वाक्यात मावलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी माझ्या मामूंबद्दल. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की मला वाटायचं, मामू बंदुका चालवतात. ते हसून म्हणायचे, “बंदूक कुठली? मी तर मापं घेतो.” गोळी काडतुसाच्या नळकांड्यात किती खोल बसली आहे, पूर्ण काडतुसाची लांबी किती भरते, हे गेज लावून तपासायचं, हे त्यांचं काम. गोळी जास्त वर राहिली तर काडतूस बंदुकीत नीट बसत नाही. जास्त खोल गेली तर आतली जागा कमी होते आणि दारू पेटल्यावर दाब नको तेवढा वाढतो. “सुतारकामात एक सूत इकडे-तिकडे चालतं,” ते म्हणायचे, “आमच्याकडे सूत म्हणजे डोंगर. आमचा सगळा हिशेब थाउमध्ये.” थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

त्या वेळी मला हे कंटाळवाणं वाटायचं. पण १८५७च्या काडतुसाबद्दल वाचायला बसलो, तेव्हा पानोपानी मामूच आठवत राहिले. कारण ती गोष्टही अशीच काही थाउंची आहे.

सैल आत, घट्ट बाहेर

कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या जी बंदूक होती, तिला गोरे लोक ‘ब्राउन बेस’ म्हणत. तिची नळी आतून गुळगुळीत, तोंड सुमारे ०.७५ इंच. तिच्यात घालायची शिशाची गोल गोळी मात्र साधारण ०.६९ इंचाची. म्हणजे गोळी नळीपेक्षा बरीच बारीक. हे मुद्दाम केलेलं असे. बंदूक ठासणीची होती, गोळी तोंडाकडून आत सोडावी लागे. काळी दारू जळाली की नळीत काजळीचा थर बसतो. गोळी घट्ट असती तर चार-पाच बारांनंतर ती आत गेलीच नसती. सैल गोळी भराभर भरता येई, पण बाहेर पडताना ती नळीच्या भिंतींवर आपटत निघे. शंभर यार्डांपलीकडे नेम धरणं जवळजवळ नशिबाचं काम.

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खोबणी असतात. त्या खोबणींनी गोळीला पकडलं तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. पण पकडायचं तर गोळी घट्ट हवी. घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची तर वेळ लागतो, जोर लागतो, कधी तर हातोडी लागते. लढाईत तेवढी सवड कोण देणार? म्हणून रायफल बराच काळ निवडक नेमबाजांच्याच हाती राहिली.

मग प्रश्न असा उरला : गोळी आत जाताना सैल आणि बाहेर येताना घट्ट, असं कसं जमवायचं?

याच्या उत्तराचा एक धागा आपल्याच देशातून गेलेला आहे. कॅप्टन जॉन नॉर्टन नावाचा इंग्रज अधिकारी १८२०च्या दशकात दक्षिण हिंदुस्थानात होता. तिथले लोक फुंकनळीने बाण मारत. बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे. फुंकर बसली की तो गाभा फुगे आणि नळीला चिकटून बसे, हवा बाजूने निसटत नसे. हे पाहून नॉर्टनला बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी सुचली, असं सांगितलं जातं. मागून दारूचा धक्का बसला की पोकळ बूड फुगेल आणि खोबणीत रुतेल. सरकारने ती कल्पना बाजूला ठेवली. विल्यम ग्रीनर या बंदूक कारागिराने १८३०च्या दशकात असाच प्रयोग केला, तोही नाकारला गेला. शेवटी फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४०च्या दशकाच्या अखेरीस हीच युक्ती यशस्वी करून दाखवली, तेव्हा इंग्लंडने त्याला वीस हजार पौंड मोजले. ग्रीनरने तक्रार लावून धरल्यावर त्याला हजार पौंड मिळाले, १८५७ साली. हिंदुस्थानातल्या फुंकनळीवाल्यांना काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

यातूनच १८५३ची एन्फील्ड रायफल आली. नळीचं तोंड ०.५७७ इंच, आत तीन खोबणी. गोळी लांबट, वजन ५३० ग्रेन, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. तिची जाडी ०.५६८ इंच. वजाबाकी करा : नळी आणि गोळी यांच्यात फरक फक्त ०.००९ इंच. नऊ थाउ! त्यातच गोळीभोवतीच्या कागदाचे वेढेही मावायचे. ब्राउन बेसमध्ये हीच फट साठ थाउंची होती.

आता त्या मुलाचा प्रश्न सुटतो. फट इतकी कमी केल्यावर गोळी कोरडी आत जाणार कशी? आणि पहिल्या काही बारांनंतर काजळी साचल्यावर तर अजिबात नाही. म्हणून गोळीवरच्या कागदाला वंगण. वंगणामुळे गोळी घसरत खाली जाते, काजळी मऊ राहते आणि पुढची गोळीही जाते. ऐषाराम म्हणून लावलेली ती चरबी नव्हती. नऊ थाउंच्या फटीची ती किंमत होती.

पुडीत काय होतं

काडतूस हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘कार्तुशो’वरून आपल्याकडे आला. उर्दूत तो कारतूस झाला. आज काडतूस म्हटलं की पितळी नळकांडं डोळ्यांसमोर येतं. १८५७चं काडतूस म्हणजे कागदाची पुडी. एका टोकाला मोजून भरलेली दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. गोळीच्या टोकाकडचा कागद बाहेरून वंगणात बुडवलेला.

शिपायाने ही पुडी दारूच्या बाजूने दातांनी फाडायची, कारण एक हात बंदुकीत गुंतलेला. दारू नळीत ओतायची. पुडी उलटी करून गोळीचं वंगण लावलेलं टोक नळीच्या तोंडात दाबायचं. उरलेला कागद फाडून टाकायचा. मग गजाने गोळी खालपर्यंत ठासायची.

ही ठासणी म्हणजे नुसता जोर नव्हे. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. ती मध्येच अडकली आणि खाली पोकळी राहिली, तर बार उडताना नळी फुगते किंवा फाटते, आणि गाल असतो त्याच नळीला लागून. गोळी तळाशी बसली की नाही, हे शिपायाला कळे ते गजावरून. गजाचा किती भाग बाहेर राहिला, हेच त्याचं माप. मामूंचं गेज आणि त्या शिपायाचा गज यांचं काम एकच होतं : गोळी हवी तिथे बसली का?

एक गोष्ट लक्षात घ्या. वंगण एका टोकाला आणि दात दुसऱ्या टोकाला. कागदावर हे छान दिसतं. अनेक इंग्रज लेखकांनी म्हणूनच पुढे म्हटलं की शिपायांनी उगाच बाऊ केला. पण दहा-दहा पुड्या गठ्ठ्यात एकमेकींना चिकटलेल्या, वर हिंदुस्थानचं ऊन. वंगण एका टोकाला थांबेल का? आपल्या घरात तुपाचा डबा फळीवर ठेवला तरी शेजारची बरणी चिकट होते.

कुणी विचारलं?

इथपर्यंत मला या कारागिरीचं कौतुकच वाटत होतं. पुढचं वाचलं आणि मन खट्टू झालं.

वंगण लावलेली पहिली काडतुसं हिंदुस्थानात आली ती १८५३ साली, इथल्या हवेत टिकतात का हे पाहायला. काही ठिकाणी ती पहाऱ्यावरच्या शिपायांच्याच पट्ट्यात ठेवून पाहिली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्नल टकर या अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता की, हे वंगण जातीधर्माला आक्षेपार्ह नाही याची खात्री झाल्याशिवाय ते देशी पलटणींना देऊ नये. कागद सरकारी दप्तरात पोचला आणि तिथेच राहिला.

१८५६मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम इथे ही काडतुसं तयार होऊ लागली. वंगणात चरबी आणि मेण. चरबी कंत्राटदाराकडून येई. ती कुठल्या जनावराची, हे कुणी तपासत नव्हतं. बोकडाची किंवा मेंढीचीच चरबी घ्यावी, अशी अटसुद्धा नव्हती. गोळीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या सरकारने कंत्राटदाराला एक साधा प्रश्न विचारला नाही. पुढे सरसेनापती झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने १८९७च्या आपल्या आठवणींत सरकारी दप्तराच्या आधारे मान्य केलं की वंगणात आक्षेपार्ह चरबी खरोखरच होती. म्हणजे आपण ज्याला आजही ‘अफवा’ म्हणून शिकवतो, ती निव्वळ अफवा नव्हती.

इथे आपल्या पाठ्यपुस्तकांतली आणखी एक ढोबळ गोष्ट. ‘गाय हिंदूंना पवित्र, डुक्कर मुसलमानांना निषिद्ध’ असा सरळ जोड लावला की झालं. प्रत्यक्षात गुंता अधिक होता. मुसलमानाला डुक्कर हराम हे खरंच, पण बोकडाची चरबीसुद्धा जनावर रीतसर जबह केलेलं नसेल तर मुर्दार. उलट, बंगालच्या फौजेत अवधचे ब्राह्मण आणि राजपूत मोठ्या संख्येने होते. ज्याच्या घरात मांसच चालत नाही त्याला बोकड काय आणि गाय काय. म्हणजे ‘मेंढीची चरबी वापरू’ या उत्तरानेही प्रश्न सुटत नव्हता. हे समजायला कुणा पंडिताची किंवा मौलवीची गरज नव्हती. छावणीतल्या कुठल्याही सुभेदाराला बोलावून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

जानेवारी ते मे

जानेवारी १८५७. दमदमच्या कारखान्यातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने जातीमुळे नकार दिला. खलाशी म्हणाला, जातीचा एवढा तोरा कशाला, लवकरच तुम्हाला गाय-डुकराची चरबी दातांनी तोडायची आहे. बातमी वणव्यासारखी पसरली. ज्या माणसाला आपण शिवून घेत नव्हतो, त्याच्याच तोंडून ही बातमी यावी, यावर आपण सगळ्यांनीच थोडं थांबून विचार करावा.

सरकार हललं नाही असं नाही. जानेवारीच्या अखेरीस हुकूम निघाला की शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचं वंगण आणून स्वतः लावावं. मार्चमध्ये कवायत बदलली : दाताऐवजी हाताने फाडा. पण विश्वास एकदा गेला की सवलतसुद्धा कबुली वाटू लागते. शिपाई म्हणाले, काही नव्हतंच तर बदललं कशाला?

फेब्रुवारीत बहरमपूरच्या १९व्या पलटणीने काडतुसं नाकारली. ती तर जुन्या ब्राउन बेसची, बिनवंगणाची होती. पण कागदाचा रंग वेगळा वाटला आणि तेवढं पुरलं. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. त्यांना मागून धरून ठेवणारा शिपाई होता शेख पलटू. हे नाव आमच्या वर्गात घ्यायला मला अवघड जातं, पण घेतो. त्या काळी कोण कुठे उभा राहिला हे धर्म पाहून ठरत नव्हतं, हे मुलांना कळायला हवं. आपल्या बाजूचे तेवढे शूर सांगायचे आणि बाकीचे वगळायचे, हा इतिहास नव्हे.

मार्चमध्येच सरसेनापती अॅन्सन याने अंबाल्याला ती काडतुसं स्वतः पाहिली. गव्हर्नर जनरल कॅनिंगला त्याने कळवलं की त्यांना फासलेलं वंगण बघितल्यावर शिपायांच्या हरकतीचं आता आपल्याला तेवढं नवल वाटत नाही. तरीही काडतुसं मागे घेतली गेली नाहीत. तिथले शिपाई आपल्या अधिकाऱ्याला सांगत होते की आमचा स्वतःचा विश्वास असो-नसो, आम्ही ही वापरली तर गावाकडे आमचं हुक्कापाणी बंद होईल. शिपाई फक्त पलटणीचा नव्हता, तो बिरादरीचाही होता. त्याच्या मुलीचं लग्न गावात व्हायचं होतं.

२४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद जणांपुढे काडतुसं ठेवली. पंच्याऐंशी जणांनी नकार दिला. त्यांत निम्म्याहून अधिक मुसलमान होते, बाकीचे हिंदू. ही काडतुसंही जुनीच होती. बहुतेकांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. ९ मे रोजी सगळ्या पलटणींसमोर त्यांच्या अंगावरचा गणवेश उतरवला आणि पायांत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी, १० मेच्या संध्याकाळी, मेरठ पेटलं. ११ तारखेला ते बहादूरशाह जफर यांच्या दारात होते.

आणि आपल्याकडे

मी औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. क्रांती चौकातून रोज शाळेत जातो. जून १८५७मध्ये इथे हैदराबाद कंटिंजंटचं पहिलं घोडदळ बिथरलं. कारण काडतूस नव्हतं. आपल्याला निजामाच्या मुलुखाबाहेर, दिल्लीच्या बादशाहाविरुद्ध लढायला नेणार, ही भीती होती. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि शिक्षा सुरू झाल्या. मीर फिदा अलींना फाशी झाली. ज्या जागेला लोक काळा चबुतरा म्हणत, ती हीच. ३१ जुलैला कोल्हापुरात २७वी पलटण उठली. १५ ऑक्टोबरला मुंबईत, आजच्या आझाद मैदानाच्या जागी, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी दिलं. एक मुसलमान, एक हिंदू, एकच दिवस, एकच मैदान.

काडतूस नसतानाही इथे आग लागली. म्हणजे काडतूस ही काडी होती, लाकूड आधीच सुकलं होतं. जुलै १८५७मध्ये इंग्लंडच्या संसदेत डिझरायलीनेही हेच म्हटलं होतं की साम्राज्यं काही चरबीच्या काडतुसांमुळे कोसळत नाहीत.

मग लाकूड कशाने सुकलं? याचं मला पटलेलं उत्तर सर सय्यद अहमद खान यांचं आहे. १८५७मध्ये ते बिजनौरला सदर अमीन होते. त्यांनी इंग्रजांचे जीव वाचवले होते, त्यामुळे त्यांच्यावर बंडखोरीचा शिक्का कुणी मारू शकत नव्हतं. ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’मध्ये त्यांनी राज्यकर्त्यांना सुनावलं : कायदे करणाऱ्या तुमच्या कौन्सिलात एकही हिंदुस्थानी नाही. लोकांच्या मनात काय आहे हे तुम्हाला कळत नाही आणि तुमच्या मनात काय आहे हे लोकांना कळत नाही. मेरठच्या शिक्षेवरही त्यांनी बोट ठेवलं. उर्दू साहित्याच्या विद्यार्थ्याला मी हे पुस्तक गद्याचा नमुना म्हणून शिकवायचो. काडतुसाचा अभ्यास केल्यावर कळलं, तो त्या नऊ थाउंचाही हिशेब आहे. यंत्राचं माप घेणारे होते, माणसांचं घेणारं कुणी नव्हतं.

पुढे काय झालं

बंड मोडलं, पण काडतुसाचं दुखणं राहिलंच. लढाईत गोऱ्या शिपायांनाही एन्फील्डची गोळी ठासताना त्रास झाला, उन्हात वंगण वितळून जाई. म्हणून पुढे गोळी ०.५५० इंचांपर्यंत बारीक केली. फट नऊ थाउंवरून सत्तावीसवर गेली. वंगणातही चरबी कमी होऊन मेणावर भर आला. म्हणजे बदल शक्य होता. फक्त तो आधी, कुणाच्या तरी सांगण्यावरून करायला हवा होता.

१८६०च्या दशकात कर्नल बॉक्सर याचं धातूचं काडतूस आलं. गोळी, दारू आणि ठिणगीची टोपी एकाच नळकांड्यात. ते मागून भरायचं, दात नको, गज नको. गोळी किती खोल बसवायची हे शिपायाच्या हातून गेलं आणि कारखान्याकडे आलं. १८६९मध्ये खडकीचा कारखाना उभा राहिला. शंभरेक वर्षांनी माझे मामू त्याच कारखान्यात गेज हातात घेऊन उभे राहिले.

आणखी एक माप

हे सगळं वाचताना मला माझीच एक चूक आठवली, ती सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. २०१८च्या हिवाळ्यात राज्यात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली जात होती. आमच्याकडच्या अनेक पालकांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. एक अम्मी मला म्हणाल्या, “सर, इसमें सुव्वर का कुछ है क्या?” मी वैतागून म्हणालो, “अफवांवर विश्वास ठेवू नका.” मी बीएड झालेला, वर्तमानपत्र वाचणारा माणूस. मला वाटलं, माझं काम झालं. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी शाळेतच आली नाही.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर बाई माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या. त्यांनी पालकांना बोलावलं, लसीच्या डब्यातला कागद उघडला आणि त्यावरचे घटक वाचून दाखवले. त्यांत जिलेटिन होतं. ते त्यांनी लपवलं नाही. ते कशासाठी असतं आणि किती असतं, हे समजावलं. शेजारी आमच्या मशिदीचे इमामसाहेब बसले होते. जीव वाचवण्याची जरूरत असेल आणि दुसरा पर्याय नसेल तर शरियत काय म्हणते, ते त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी इंडोनेशियाच्या उलेमांच्या परिषदेने याच लसीबद्दल असाच निर्णय दिला होता : त्यात डुकरापासूनचा अंश आहे हे उघड सांगून, पर्याय मिळेपर्यंत ती घेण्याची मुभा. बैठकीनंतर बहुतेकांनी सह्या केल्या. त्या अम्मींनीही केली. जाताना मला एवढंच म्हणाल्या, “आप भी ऐसाच बोल देते तो?”

त्या दिवशी मी तोच माणूस होतो, ज्याने टकरचा कागद दप्तरात ठेवून दिला. लोकांचा प्रश्न खोटा नव्हता. मी तो ऐकण्याआधीच त्याला अफवा म्हणून मोकळा झालो होतो. त्या बाईंना फक्त खरं हवं होतं. खरं कळल्यावर निर्णय घ्यायला त्या समर्थ होत्या.

‘धार्मिक भावना दुखावल्या’ हे वाक्य आज आपण इतक्या स्वस्तात वापरतो की त्याचा अर्थच झिजला आहे. १८५७च्या शिपायाला त्या वाक्यात कोंबलं की तो भोळा, चिडका, अडाणी दिसतो. तो तसा नव्हता. तो विचारत होता : जे माझ्या तोंडात घालायला सांगता, त्यात काय आहे? हा प्रश्न हिंदूचाही होता, मुसलमानाचाही. आणि विचारण्याचा हक्क दोघांचाही होता.

शेवटी त्या मुलाला मी वर्गात उत्तर दिलं. फळ्यावर नळी काढली, गोळी काढली, दोघांमधली फट काढली. तो म्हणाला, “मतलब टाइट फिटिंग था, इसलिए ग्रीस.” मी म्हटलं, “बरोबर. आणि ग्रीस कुठून आलं ते मालकानं विचारलं नाही.” तो थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, परीक्षेत कौनसा लिखू? किताब का या ये?”

मी त्याला सांगितलं, पुस्तकातलं वाक्य लिही, गुण त्याला आहेत. त्याच्याखाली हे दोन ओळींत लिही. त्याचे गुण मी देईन.